डावी कॅरोटिड 100 टक्के बंद, मग मेंदूला रक्त येतं कुठून?

प्रश्न: आम्ही नागपूरला मानेवाड्यात राहतो. बाबांचं वय 68. बीपी आणि शुगर बऱ्याच वर्षांपासून आहे. तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, आता सोडलाय. फेब्रुवारीत त्यांच्या उजव्या हातातली शक्ती दहा मिनिटं गेली आणि आपोआप परत आली. मानेच्या डॉपलरमध्ये (नसांमधला प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) डावी कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी नस, 100 टक्के बंद आणि उजवी 70 टक्के अरुंद असं आलं. डॉक्टर म्हणतात, मेंदूला दुसरीकडून रक्त मिळतंय, डावीकडे ऑपरेशन नको. घरात हे कोणालाच पटत नाही. हृदयाची नस 70 टक्के बंद असली तर स्टेंट घालतात, मग ही पूर्ण बंद असलेली तशीच कशी सोडायची? शिवाय बाबांना उठल्यावर चक्कर येते. मे महिन्याच्या शेवटी चंद्रपूरला भाचीचं लग्न आहे, त्यांना न्यावं का?

उत्तर: तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच सांगितलंय. पण "दुसरीकडून रक्त मिळतंय" एवढ्या एका वाक्यावर घरच्यांचं समाधान होणार नाही, आणि व्हायलाही नको. ते रक्त कुठून येतं, किती येतं आणि कशामुळे कमी पडू शकतं हे तुम्हाला कळलं पाहिजे, कारण बाबांची पुढची सगळी काळजी त्यावर ठरणार आहे. मी नागपुरात मेंदूविकारांची प्रॅक्टिस करतो. असा रिपोर्ट घेऊन येणाऱ्या घरच्यांची नजर त्या 100 च्या आकड्यावर खिळलेली असते. मी मात्र आधी हे शोधतो की या माणसाच्या मेंदूकडे पर्यायी प्रवाहाची शिल्लक किती उरली आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे 15 टक्के रक्त एकटा मेंदू घेतो. म्हणजे दर मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास. हे रक्त चार वाटांनी वर चढतं. मानेत पुढच्या बाजूला दोन कॅरोटिड, आणि मागे मणक्याच्या हाडांमधून जाणाऱ्या दोन व्हर्टेब्रल. मागच्या दोघी कवटीत शिरल्यावर एक होतात आणि त्यांची बॅसिलर बनते. मग मेंदूच्या तळाशी पुढच्या आणि मागच्या नसा छोट्या जोडवाहिन्यांनी एकमेकींना जोडल्या जातात आणि एक कडं तयार होतं. त्याला विलिसचं वर्तुळ म्हणतात.

थॉमस विलिस हा इंग्रज वैद्य. त्याने 1664 साली मेंदूच्या रचनेवर ग्रंथ लिहिला आणि त्यातल्या आकृत्या ख्रिस्तोफर रेन या पुढे वास्तुकार म्हणून गाजलेल्या माणसाने काढल्या. त्या ग्रंथात एका शवविच्छेदनाची हकिकत आहे. माणूस भलत्याच आजाराने गेला होता, पण त्याची उजवी कॅरोटिड दगडासारखी कडक होऊन पूर्ण बुजलेली निघाली. जिवंतपणी त्याला लकवा झाला नव्हता. विलिसने पुढे पाहिलं तर त्याच बाजूची व्हर्टेब्रल नेहमीपेक्षा कितीतरी जाड झालेली होती. साडेतीनशे वर्षांपूर्वी, कोणतंही मशीन नसताना, तुमच्या आजच्या प्रश्नाचं उत्तर त्याने हाताने उलगडून पाहिलं होतं. 1808 मध्ये लंडनला अ‍ॅस्टली कूपर या सर्जनने मानेतल्या फुगलेल्या कॅरोटिडवर धागा बांधून ती मुद्दाम बंद केली. तो रुग्ण पुढे 13 वर्षं जगला.

आता या कड्याची अडचण. पुस्तकातल्या चित्रात ते सगळीकडून सारखं आणि पूर्ण दिसतं. प्रत्यक्षात निम्म्याहून कमी लोकांमध्ये ते तसं असतं. कोणाची पुढची जोडवाहिनी धाग्याएवढी बारीक, कोणाची मागची एका बाजूला जवळपास नसतेच. काहींमध्ये मेंदूच्या मागच्या भागाची नस बॅसिलरऐवजी कॅरोटिडमधूनच निघते. अशा माणसाची कॅरोटिड बंद पडली तर मागून मदत येण्याची वाट जन्मापासूनच नसते आणि नुकसान मोठं होतं. म्हणून एकाच वयाचे, एकाच गावचे, सारखाच रिपोर्ट असलेले दोन जण माझ्याकडे येतात. एक स्वतः स्कूटर चालवत येतो आणि दुसऱ्याला स्ट्रेचरवरून आणतात. त्यांच्या मानेतला अडथळा सारखाच असतो. फरक असतो तो कवटीच्या तळाशी असलेल्या काही मिलिमीटरच्या जोडवाहिनीत.

डावी बाजू बंद पडली की पहिली मदत उजव्या कॅरोटिडकडून, पुढच्या जोडवाहिनीतून येते. बाबांच्या बाबतीत बहुधा हीच मुख्य वाट असेल, आणि म्हणूनच त्यांच्या उजव्या बाजूबद्दल मी पुढे सविस्तर लिहिणार आहे. दुसरी मदत मागून, बॅसिलरकडून. या दोन्ही वाटा उघडायला वेळ लागत नाही. एका बाजूचा दाब पडला की दुसऱ्या बाजूचं रक्त तत्काळ तिकडे वळतं. एवढ्याने भागलं नाही तर तिसरी वाट कामाला येते, आणि ती मला आजही थक्क करते. चेहऱ्याला आणि कानशिलाला रक्त देणारी बाहेरची कॅरोटिड मेंदूकडे जाणाऱ्या आतल्या कॅरोटिडपासून वेगळी असते, ती सहसा उघडी राहते. तिच्या बारीक फांद्या डोळ्याभोवती आतल्या नसेच्या फांद्यांना भेटतात. एरवी डोळ्याच्या नसेतून रक्त मेंदूकडून डोळ्याकडे वाहतं. कॅरोटिड बंद झाल्यावर ते उलटं वाहू लागतं, चेहऱ्याकडून डोळ्यामागून मेंदूकडे. डॉपलरच्या प्रोबने हा उलटा प्रवाह दिसतो. तो दिसला की मी समजतो की तळाच्या कड्याची मदत बहुधा पुरी पडत नाहीये, म्हणून शरीराने हा लांबचा फेरा निवडलाय.

चौथी वाट मेंदूच्या पृष्ठभागावरची. शेजारशेजारच्या भागांना रक्त देणाऱ्या नसांची टोकं तिथे केसासारख्या बारीक फांद्यांनी जुळलेली असतात. जर्मनीतल्या ह्यूब्नरने 1874 मध्ये त्यांचं वर्णन केलं. या फांद्या असतात सगळ्यांना, पण रुंद व्हायला त्यांना वेळ लागतो. कॅरोटिड वर्षानुवर्षं हळूहळू अरुंद होत गेली तर या फांद्यांतून जास्त रक्त वाहू लागतं, त्या ताणाने त्यांच्या भिंती वाढतात आणि त्या जाड होतात. तीच नस हृदयातून उडालेल्या गुठळीने एका क्षणात बंद पडली तर हा वेळच मिळत नाही. वय, बीपी आणि शुगर या तिन्ही गोष्टी या फांद्यांची वाढ खुंटवतात. बाबांच्या बाबतीत तिन्ही आहेत, म्हणून मी त्यांची शिल्लक भरपूर आहे असं तपासल्याशिवाय गृहीत धरणार नाही.

आता त्या दहा मिनिटांबद्दल. मेंदूच्या दर 100 ग्रॅमला मिनिटाला साधारण 50 मिलिलिटर रक्त मिळत असतं. ते 20 च्या खाली गेलं की तिथल्या पेशी काम बंद करतात, पण जिवंत राहतात. 10 च्या आसपास आलं की काही मिनिटांतच मरू लागतात. बाबांचा हात गेला आणि पूर्ण परत आला, याचा अर्थ उजवा हात चालवणाऱ्या डाव्या मेंदूच्या भागाचं काम थांबलं होतं, पण तो मेला नव्हता. असं दोन कारणांनी होतं. एक तर बारीक गुठळी वर जाऊन अडकली आणि विरघळली. नस बंद असली तरी बुडाशी एक खोबण उरते, तिथे गुठळ्या होतात आणि बाहेरच्या कॅरोटिडच्या त्या उलट्या वाटेने वर जाऊ शकतात. किंवा दुसरं कारण म्हणजे त्या वेळी पर्यायी प्रवाहच कमी पडला.

यातलं कोणतं, हे मशीनपेक्षा तुमच्या आठवणीतून जास्त कळतं. त्या वेळी बाबा काय करत होते? नुकतेच उठून उभे राहिले होते का? बीपीची गोळी घेऊन तासभर झाला होता का? भरपेट जेवण झालं होतं का, गरम पाण्याची आंघोळ झाली होती का, जुलाब लागले होते का? उत्तर हो असेल तर माझा संशय प्रवाह कमी पडण्यावर जातो. आणखी एक खूण सांगतो, ती अनेकदा हुकते. अशा रुग्णांचा हात किंवा पाय उभं राहिल्यावर एक-दोन मिनिटं थरथर उडतो आणि बसलं की थांबतो. घरचे आणि कधीकधी डॉक्टरही त्याला फिट समजतात आणि फिटची गोळी सुरू होते. फिटमध्ये तोंडही ओढलं जातं, शुद्ध हरपू शकते आणि बसण्या-उठण्याशी त्याचा संबंध नसतो. इथे तोंड शांत असतं आणि उठण्याशी थेट संबंध असतो. डोळ्याचीही एक खूण आहे. कडक उन्हात गेलं की बंद बाजूच्या एकाच डोळ्यापुढे पांढरं धुकं येतं. नागपूरच्या उन्हात कोणाचेही डोळे दिपतात, म्हणून एकेक डोळा झाकून बघायला सांगा. दोन्ही डोळ्यांना सारखं होत असेल तर ते बहुधा उन्हाचं दिपणंच असतं.

प्रवाह कमी पडतो तेव्हा पहिला फटका कुठे बसतो? पेंचच्या कालव्यावर शेती असलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. कालव्यात पाणी कमी सोडलं की हेडच्या, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्या शेताला कळतही नाही, टेलचं, म्हणजे शेवटचं शेत वाळतं. मेंदूतही दोन मोठ्या नसांच्या हद्दी जिथे मिळतात तो टेलचा पट्टा. एमआरआयवर या पट्ट्यात, मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात, माळेच्या मण्यांसारखे ठिपके एका ओळीत दिसले तर तो कमी दाबाचा पुरावा. बाबांचा एमआरआय झाला असेल तर हे ठिपके आहेत का, एवढं डॉक्टरांना नक्की विचारा. झाला नसेल तर करून घ्या.

शिल्लक मोजायचीही सोय आहे. प्रवाह कमी पडू लागला की मेंदूच्या बारीक नसा आधी रुंद होतात. त्याने भागलं नाही तर मेंदू येणाऱ्या रक्तातून नेहमीपेक्षा जास्त प्राणवायू शोषून घेतो. म्हणजे बाहेरून सगळं ठीक दिसत असतानाही आतली बचत संपत आलेली असू शकते. कवटीवर प्रोब ठेवून नसेतल्या रक्ताचा वेग मोजतात आणि रुग्णाला अर्धा मिनिट श्वास रोखायला लावतात. श्वास रोखल्यावर रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, नसा रुंद होतात आणि वेग वाढायला हवा. वाढला तर शिल्लक आहे. वाढलाच नाही तर नसा आधीच पूर्ण ताणलेल्या आहेत. साधी, स्वस्त, बिनधोक तपासणी आहे, आणि ती जितकी व्हायला हवी तितकी होत नाही याची मला खंत वाटते.

मग बंद नस उघडत का नाहीत? तुमची हृदयाशी तुलना स्वाभाविक आहे, पण हृदयाच्या नसांना मेंदूसारखं तळाचं कडं नसतं, आणि तिथे 70 टक्के अरुंद झालेल्या नसेतून रक्त अजून वाहत असतं. कॅरोटिडही 70 ते 99 टक्के अरुंद असेल आणि त्याच बाजूच्या मेंदूला झटका येऊन गेला असेल तर आम्हीही ऑपरेशनचाच आग्रह धरतो. 1991 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने हे सिद्ध केलं. दोन वर्षांत त्याच बाजूच्या मेंदूचा लकवा नुसत्या औषधांवर 26 टक्के लोकांना झाला, ऑपरेशन झालेल्यांत 9 टक्क्यांना. पण नस 100 टक्के बंद झाली की गोष्टच बदलते. मानेतल्या अडथळ्याच्या वर रक्त साकळून गुठळीचा दांडा कवटीपर्यंत चढतो आणि काही आठवड्यांत भिंतीला घट्ट चिकटतो. तो ओढायला गेलं तर तुकडे नेमके वर, मेंदूत जातात. आणि बंद नसेतून आता नवीन गुठळ्या उडण्याचा धोका अरुंद नसेच्या तुलनेत तसाही कमी झालेला असतो. काही केंद्रांत जुन्या बंद नसा तारेने उघडण्याचे प्रयत्न होतात. सध्याच्या पुराव्यावर मी माझ्या रुग्णाला त्यासाठी पाठवणार नाही.

एक गोष्ट मात्र पक्की करून घ्या. नस खरंच पूर्ण बंद आहे, की केसाएवढी उघडी आहे? डॉपलरमध्ये अतिशय मंद प्रवाह सुटू शकतो आणि 99 टक्क्यांना 100 लिहिलं जाऊ शकतं. निर्णय डॉपलरवर घेऊ नये, सीटी अँजिओग्राफी (शिरेतून औषध टोचून काढलेला नसांचा सीटी स्कॅन) करावी. शुगर आहे म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघा, आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर तसं सांगा.

बायपासबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी नातेवाईक सुचवेलच. कानशिलावरची नस कवटीला भोक पाडून मेंदूच्या नसेला जोडायची, अशी शस्त्रक्रिया 1967 मध्ये झुरिकला यासरगिल यांनी प्रथम केली. कल्पना इतकी पटणारी की जगभर ती होऊ लागली. मग 1985 मध्ये 1,377 रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला: फायदा नाही. लोक म्हणाले, ज्यांची शिल्लक संपली आहे अशांनाच निवडा. तसे निवडून 2011 चा निकाल आला: दोन वर्षांत लकवा बायपास झालेल्यांत 21 टक्के, औषधांवर असलेल्यांत 22.7 टक्के, पण ऑपरेशनच्या पहिल्या 30 दिवसांतला धोका 14 टक्क्यांवर, तर औषधांच्या गटात 2. चीनमधल्या चाचणीचा 2023 मधला निकालही वेगळा आला नाही. हातातल्या कौशल्याचा हा प्रश्न नाही. चांगल्या औषधांवर असलेल्या माणसाचा पर्यायी प्रवाह कालांतराने स्वतःच सुधारतो, आणि ऑपरेशनचा सुरुवातीचा धोका तो फायदा खाऊन टाकतो.

आता उजवी बाजू. माझ्या मते तुमच्या रिपोर्टमधला महत्त्वाचा आकडा हा आहे, डावीकडचा 100 नव्हे. उजवी कॅरोटिड आता दोन्ही बाजूंचं काम ओढतेय, त्यामुळे तिच्यातून रक्त जास्त वेगाने वाहतं. डॉपलर अरुंदपणा मोजतं ते वेगावरून. साहजिकच एक बाजू पूर्ण बंद असली की दुसऱ्या बाजूचा अडथळा डॉपलरमध्ये खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. तिथला 70 टक्के प्रत्यक्षात 50 ही असू शकतो. सीटी अँजिओग्राफीत तो खरोखरच जास्त निघाला तर उजवीकडच्या ऑपरेशनची किंवा स्टेंटची चर्चा करायला जागा आहे, कारण उजवीकडून जाणारं रक्त डावीकडच्या मेंदूलाही पोचतंय. मात्र एक बाजू बंद असताना दुसरीवर काम करणं नेहमीपेक्षा जोखमीचं असतं. तेव्हा हे काम नियमितपणे करणाऱ्या टीमकडेच जा आणि त्यांच्या स्वतःच्या रुग्णांत गुंतागुंत किती होते, हे सरळ विचारा. चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही.

चक्कर हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत निकडीचा भाग आहे. आमच्याकडे म्हातारी माणसं येऊन सांगतात, "उठलं का डोयापुढे अंधार येते," आणि घरचे ते वयावर ढकलतात. बाबांच्या बाबतीत तसं करू नका. ज्याचा मेंदू पर्यायी प्रवाहावर चाललाय त्याला बीपीचा खड्डा परवडत नाही. घरीच मोजा: पाच मिनिटं पडून राहिल्यावर एकदा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने पडत असेल तर ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. शुगरमुळे नाड्यांवर परिणाम झाला असेल तर हे होतं. लघवीची गोळी चालू असेल तर होतं. या वयात प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असते, तिनेही होतं, आणि ती गोळी दुसऱ्या डॉक्टरने दिलेली असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. सगळ्या डॉक्टरांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या.

पण म्हणून बीपी चढंच ठेवायचं, असा उलटा अर्थ काढू नका. 2011 च्या त्या चाचणीत औषधांवर असलेल्या रुग्णांची आकडेवारी नंतर तपासली, तेव्हा ज्यांचं बीपी 130/85 किंवा त्याखाली राहिलं त्यांना उलट कमी झटके आले होते. बीपी कमी करायचंच, पण आठवड्यांच्या हिशेबाने, उभ्या मापावर लक्ष ठेवून. दिवसभरात ते वरखाली उड्या मारत असेल तर त्याला मी नियंत्रण म्हणत नाही. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन दोन्ही कायमच्या आहेत. झटक्यानंतर पहिले 21 दिवस अनेकदा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या देतात, मग एकावर आणतात, ते तुमच्याकडे झालंय का बघा. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 70 च्या खाली हवं. हिमोग्लोबिनही तपासा, प्रवाह कमी असताना त्यातला प्राणवायूही कमी असणं चालणार नाही. खर्रा सुटला, हे फार मोठं काम झालं. चौकात मित्रांमध्ये बसल्यावर परत तोंडात जाणार नाही, यासाठी घरच्यांनी बाबांच्या सोबत राहावं, त्यांच्यावर पहारा ठेवू नये.

दोन सवयींबद्दल सांगतो. सलूनमध्ये मान मोडून घेणं आणि मानेवर दाबून मालिश करणं कायमचं बंद. आणि कपालभाती, भस्त्रिका यांसारखे वेगाचे श्वास नकोत. भरभर श्वास सोडला की कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूच्या नसा आकसतात, म्हणजे श्वास रोखण्याच्या चाचणीच्या नेमकं उलट घडतं. सावकाश श्वास आणि सकाळचं चालणं चालेल, चालायला हवंच.

विदर्भात बसून या विषयावर लिहितोय तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे अनेक घरांत हा आजार आहे. त्या मुलांमध्ये कॅरोटिडचं वरचं टोक, कवटीच्या आत, लहानपणीच अरुंद होऊ शकतं आणि भोवती बारीक नसांचं जाळं पर्याय म्हणून उगवतं. रडताना किंवा धापा टाकताना या मुलांचा एखादा हात लुळा पडतो. तेच कवटीवरचं डॉपलर यांना 2 ते 16 वयात दरवर्षी करायचं असतं. वेग सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा जास्त निघाला तर नियमित रक्त देऊन लकवा टाळता येतो, हे 1998 च्या चाचणीत दिसलं, आणि धोका तब्बल नव्वद टक्क्यांनी घटला होता. अशा जाळ्याच्या काही रुग्णांत बायपासचाही उपयोग होतो. तुमच्या ओळखीत सिकलसेलचं मूल असेल आणि ही तपासणी झाली नसेल तर त्यांना आवर्जून सांगा.

पुन्हा हात गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर दहा मिनिटांत बरं होईल म्हणून थांबू नका. 108 ला फोन करा किंवा सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेल्या दवाखान्यात थेट न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांपर्यंतच देता येतं. मोठी गुठळी तारेने काढणं निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत शक्य असतं, आणि ही सवलत कोणाला मिळते तर ज्याचा पर्यायी प्रवाह तेवढा वेळ मेंदू जिवंत ठेवतो त्याला. वाटेत बाबांना आडवं झोपवा, उशी काढा. तोंडातून पाणी, औषध काही देऊ नका. आणि बीपी 190 दिसलं म्हणून कोणी जिभेखाली बीपी उतरवणारी गोळी ठेवत असेल तर हात धरा. त्या क्षणी वाढलेलं बीपीच त्या लांबच्या वाटांनी रक्त ढकलत असतं.

राहिलं लग्न. मे महिन्याचा शेवट म्हणजे नवतपा, सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, आणि त्यात चंद्रपूर. घाम, कमी पाणी, वरून लघवीची गोळी, यातून बीपी पडतं आणि टेलच्या पट्ट्याचे झटके मला याच दिवसांत जास्त दिसतात. तरीही मी बाबांना घरी बसवणार नाही. उभं राहिल्यावरचं बीपी स्थिर असेल तर न्या. लग्नाच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना भेटून उन्हाळ्यासाठी लघवीच्या गोळीचा डोस बदलायचा का ते ठरवा. पहाटे निघा, सकाळी आठ-साडेआठपर्यंत पोचा. वरातीत चालवू नका, कूलरसमोर बसवा, तहान नसली तरी पाणी आणि ताक देत राहा. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती ते आधी विचारून ठेवा. पंगतीत थोडं जेवण दोनदा करू द्या, आणि जेवल्यावर अर्धा-पाऊण तास उठू देऊ नका, कारण भरपेट जेवणानंतर बीपी पडतं. ऊन उतरल्यावरच परत निघा. उजव्या बाजूची सीटी अँजिओग्राफी मात्र लग्नाच्या आधी उरकून घ्या.